खुर्चीतून बघायची बाग

९ ऑक्टोबर १९८३

ऑड्री,

माझं सगळं बदललं ते ११ मार्चला, शुक्रवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. रसायनशास्त्राचा पेपर चालू होता. मी तिसऱ्या प्रश्नावर होतो. सहज मान वर केली तर खिडकीतून खाली तुझे वडील गाडीच्या टपावर तुझी निळी पेटी बांधत होते आणि तू दोरीचं दुसरं टोक धरून उभी होतीस. वर एकदाही बघितलं नाहीस. मी पेपर तसाच टाकून चार जिने उतरलो, तोवर गाडी फाटकाबाहेर. परत वर जाऊन बसलो असतो तरी चाललं असतं, प्रोफेसर भला माणूस होता. पण माझं डोकं कसं आहे ते तुला ठाऊक. कोट घ्यायलासुद्धा वर गेलो नाही.

कॉलेज का सोडलंस असं कुणी विचारलं तर मी सांगतो, रसायनशास्त्र जमेना.

त्या पाकिटाबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही. तू जे बोललीस ते बोललीस.

मी एप्रिलपासून तुझ्या आजीकडे आहे. हे तुला वडिलांकडून कळलंच असेल, आणि कुठल्या शब्दांत कळलं असेल तेही मी समजू शकतो. मी आलो होतो फक्त तुझा ओरेगॉनचा पत्ता मागायला. ती स्वयंपाकघरात पूर्वेच्या खिडकीशी खुर्चीत बसली होती, काठी मांडीवर आडवी. मी पाचेक मिनिटं बोललो असेन, जरा मोठ्यानंच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पत्ता मिळणार नाही. फावडं धरता येतं का?"

(पत्ता मी पुढे जूनमध्ये तुझ्या कार्डावरून उतरवून घेतला. ती झोपली असताना. चोरला म्हण.)

खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं चालणं संपलंय. चाळीस वर्षं तिनं घरामागच्या रानात वसंताची फुलं लावली आणि उतारावरून चालत जाऊन बघितली. आता वर्षातले पाच महिने त्या एका खुर्चीत जाणार, म्हणून तिला हिवाळ्याची बाग हवी झाली. ती म्हणते, वसंतात कुणाचंही रान चांगलं दिसतं, त्यात माळ्याची काय करामत. आणि हिवाळ्याची बाग पायांनी बघायची नसते, खुर्चीतून बघायची असते. आधी खुर्ची ठरवायची, मग झाडं.

रोपांचे कॅटलॉग तिनं मला उघडूही दिले नाहीत. एप्रिलचा शेवटचा बर्फ होता. मला रानात पिटाळलं आणि सांगितलं, पान नाही, फूल नाही, तरी ज्याच्याकडे मान वळवून परत बघावंसं वाटेल, ते येऊन सांग. पहिल्या दिवशी मी आलो आणि म्हणालो, काहीच नाही. तिनं परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, बीचची कोवळी झाडं, वाळलेली पानं सोडतच नाहीत ती. सदाहरित हेमलॉकखालचा काळोख. पट्ट्यापट्ट्यांच्या सालीचा एक मेपल, ओढ्याजवळचा. यावर ती एवढंच म्हणाली, "आता दिसायला लागलं तुला."

मग जे होतं त्यात भर. लाल फांद्यांचं डॉगवूड, पण हेमलॉकच्या काळ्या पडद्यापुढेच, नाहीतर लाल फुकट जातं. विंटरबेरी, कारण तिची पानं गळली की नुसत्या काड्यांवर लाल मणी राहतात. आणि दोन विच हेझल, फेब्रुवारीच्या अखेरीला बर्फातच फुलणारी, पिवळ्या चिंध्या अडकल्यासारखी फुलं. सगळं घोळक्यानं लावायचं. हिवाळ्यात सुटं झुडूप चुकून मागे राहिल्यासारखं दिसतं.

मी बांबूच्या काठ्या घेऊन रानात उभा राहायचो आणि ती खुर्चीत बसून पितळी घंटा वाजवायची. एक ठोका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, सलग वाजली की तिथेच रोव. रस्त्यापलीकडचा वॉल्ट स्टेबिन्स येऊन कुंपणाशी उभा राहायचा आणि विचारायचा, काय कॉलेजसाहेब, गुरं वळायला शिकताय की वळवून घ्यायला.

आता सगळं लावून झालंय. पण मेपलनी लाल-पिवळ्या पानांचा असा धिंगाणा घातलाय की नवी झुडपं शोधूनही सापडत नाहीत. खरं काय ते पानं गळल्यावर दिसेल. नाताळला ये. आलीस की तुझ्या खोलीतून बघ, तुझ्या खिडकीतून. तिथूनच का, ते आल्यावर सांगेन.

रेमी

*

६ नोव्हेंबर

ऑड्री,

पानं गळली. परवा एका वादळात सगळी एकदम.

आल्यावर सांगेन म्हणालो होतो, पण तू येशील की नाही कोण जाणे, म्हणून आत्ताच सांगतो. संध्याकाळी चारला तुझ्या खिडकीत उभं राहिलं की ऊन डावीकडून तिरपं येतं आणि डॉगवूडच्या फांद्या पेटल्यासारख्या होतात. मागे हेमलॉक. उजवीकडे विंटरबेरी, फांदी वाकेल इतकी लगडलेली. विच हेझल दोन्ही बाजूंना, अजून कळ्याच आहेत. कुठंही फट नाही, कुठंही गर्दी नाही. मी आयुष्यात काही धड केलं असेल तर हे एवढंच.

तुझी खिडकी पश्चिमेला आहे. आजीची खुर्ची पूर्वेला.

मे महिन्यात रोपं आली त्याच आठवड्यात तिला खुब्याच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी इस्पितळात नेलं. तीन आठवडे घरात मी एकटा. एका संध्याकाळी तुझ्या खोलीची खिडकी उघडायला म्हणून वर गेलो. (हवा खेळती राहावी म्हणून. खरंच.) तिथून तो पश्चिमेचा उतार दिसला आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या सगळ्या काठ्या उपटल्या आणि घराला वळसा घालून इकडे रोवल्या. घंटा वाजवायला कुणी नाही. एक काठी रोवायची, धावत वर यायचं, बघायचं, धावत खाली जायचं, वीतभर सरकवायची. दोन दिवस असा जिना चढत-उतरत होतो. वेड्यासारखा आनंदात होतो मी, ऑड्री.

ती परत आली तेव्हा सगळीकडे हिरवंगार. मी सांगितलं, लावलं सगळं. उन्हाळ्यात हिवाळ्याची बाग कुणाला दिसते?

आज सकाळी तिच्यासाठी ओटमील केलं. तिनं खिडकीबाहेर बघितलं. समोर राखाडी खोडं आणि लाकडाच्या खोपटाचा कोपरा. म्हणाली, "अजून पानं पुरती गळली नाहीत वाटतं."

मी म्हणालो, ओकची पानं उशिरापर्यंत राहतात.

ती म्हणाली, हो, ओक चिवट असतो.

तिला चाळीस वर्षं वसंत मिळालेत. एक हिवाळा मला मिळाला तर काय बिघडलं? पुढच्या वर्षी तिच्या बाजूलाही लावीन. मी काही कायमचं हिरावून घेतलेलं नाही.

तू लिहीत नाहीस, चालेल. नाताळला ये.

रेमी

*

२४ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

ऑड्री,

तुझे वडील आले होते. टर्की, क्रॅनबेरी, भोपळ्याचा भाजलेला गोड 'पाय', सगळं यथासांग. मला वाटलं होतं तू येशील, म्हणून मी टेबलावर चौथी थाळी मांडली होती. तुझ्या वडिलांनी, हॉवर्डसाहेबांनी, ती उचलून कपाटात ठेवली.

जेवता जेवता त्यांनी सांगून टाकलं. मार्चअखेर आजीला ओहायोला नेणार, त्यांच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. घर विकायचं. बोलणी झालीत, तारीख ठरलीय. हे सगळं तिच्यादेखत, पण माझ्याकडे बघून, जणू मी भाडेकरू आहे. ती बटाट्यावर लोणी पसरत होती.

मी उठलो. जे बोललो ते लिहीत नाही, तू कल्पना करू शकतेस. शेवटी मी म्हणालो की तुमच्या आईला कुणी विचारलंय का. ते म्हणाले, "आणि तुला कुणी विचारलंय?" मी रुमाल टेबलावर आपटला. क्रॅनबेरी सांडली. इतक्यात तुझी आजी म्हणाली, "रेमी, वाटाणे इकडे दे." मी खाली बसलो आणि वाटाणे दिले.

ते गेल्यावर मी भांडी घासत होतो. मला वाटलं ती रडत असेल, पण ती खिडकीबाहेर बघत होती. साडेचारचा सुमार, उजेड जवळजवळ गेलेला. म्हणाली, "खुर्ची जरा डावीकडे सरकव बरं. तिथून कदाचित दिसेल."

मी सरकवली. एक हात. मग तिनं सांगितलं, अजून थोडी. मी सरकवली.

"नाही," ती म्हणाली. "परत जागेवर ठेव."

ऑड्री, हा तिचा इथला शेवटचा हिवाळा आहे. पुढच्या वर्षी तिच्या बाजूला लावीन म्हणालो होतो ना मी? पुढचं वर्ष नाहीच.

आज मी तुझ्या खोलीत गेलो नाही.

रेमी

*

११ डिसेंबर

ऑड्री,

पंधरा दिवस मी झाडं हलवता येतात का याचाच विचार केला. मग वॉल्टकडे गेलो. त्यानं आयुष्यभर दोन धंदे केले, मेपलचा पाक आणि लोकांची झाडं हलवणं. मी म्हणालो, माझ्या एका मित्रानं झुडपं चुकीच्या जागी लावलीत. तो म्हणाला, मित्राला म्हणावं आत ये, बाहेर थंडी आहे.

त्यानं सांगितलेली रीत अशी. रानातली माती म्हणजे नुसता पाचोळ्याचा भुगा. आत्ता उचललं तर मुळांवरून सगळी गळून पडेल. म्हणून पाचोळ्याखालची जमीन गोठायच्या आत झुडपाभोवती गोल चर खणायचा, मुळांचा गड्डा मोकळा करायचा आणि सोडून द्यायचं. जानेवारीत गड्डा गोठून दगड झाला की दगड ओढायच्या घसरगाडीवर घालून बर्फावरून ओढत न्यायचा. पण नवे खड्डे आजच खणून ठेवायचे आणि पेंढ्यानं गच्च भरायचे, कारण जानेवारीत त्या जमिनीत कुदळ शिरणार नाही.

म्हणजे नव्या जागा आजच ठरवायला हव्यात. आणि खुर्चीत तिच्याशिवाय कोण बसणार?

मी दाराशी उभा राहिलो. बूट काढले नव्हते, बर्फ वितळून फरशीवर पाणी.

"मिसेस प्राउटी, मला घंटा वाजवून हवी आहे."

"कशाला?"

"काठ्या रोवायच्या आहेत."

"त्या तर एप्रिलमध्येच रोवल्या आपण."

मग मी सगळं सांगितलं. तू, मे महिना, पश्चिमेचा उतार, सगळं. सांगताना माझा आवाज चढत होता, जसा काही गुन्हा तिनंच केला होता. ती माझं संपल्यावर म्हणाली, "ठाऊक आहे. पान गळलं की डॉगवूड दिसतं, ते काही पाव्हण्यासारखं उशिरा येत नाही. आणि तू रोज चारला वर जातोस. चारला ऊन पश्चिमेला असतं. माझं हाड मोडलंय, डोकं नाही."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"बोलले असते तर तू माझ्या धाकानं हलवली असतीस. नाहीतर दार आपटून निघून गेला असतास, कॉलेजातून गेलास तसा. दोन्हीत मला काय मिळालं असतं?"

मी काहीतरी बोलायला गेलो, क्षमा वगैरे.

"मला राग आला होता, रेमी. अजूनही आहे. जा, काठ्या आण. उजेड आहे तोवर."

दोन तास ती घंटा वाजवत होती. एप्रिलपेक्षा कितीतरी कडक. एका विच हेझलसाठी तिनं मला अकरा वेळा इकडून तिकडे नाचवलं. वॉल्ट कुंपणाशी आला नाही, त्याला बहुधा कळलं असावं. सात काठ्या रोवल्या, सात खड्डे खणले, पेंढा भरला. मग पश्चिमेला जाऊन सात चर. हातांची सालं गेलीत, म्हणून अक्षर असं.

आता ते पाकीट.

फेब्रुवारीत तू ते माझ्या हातात दिलंस. गावात चाललायस ना, टपालात टाक म्हणालीस. वर ओरेगॉनच्या कॉलेजचा पत्ता. मी तुला विसरलो म्हणून सांगितलं. मी विसरलो नव्हतो. नऊ दिवस ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, रोज सकाळी मी कोट घालताना ते छातीला लागायचं आणि रोज मी टपालपेटीवरून पुढे जायचो. मुदत कधी संपते तेही मला ठाऊक होतं. मग त्या दिवशी तुला थंडी वाजली म्हणून माझा कोट तूच अंगावर घेतलास आणि हात खिशात घातलास.

तू म्हणालीस, "तुला मी नको आहे, तुला मी इथेच हवी आहे." मी तेव्हा त्यावर ओरडलो होतो. नऊ महिने मनातल्या मनात ओरडतोच आहे.

माफी मागत नाही. मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल.

रेमी

*

२९ जानेवारी १९८४

ऑड्री,

हलवली. सगळी सात.

शुक्रवारी पहाटे पारा शून्याखाली चौदावर गेला. वॉल्ट सकाळी घोडी आणि घसरगाडी घेऊन दाराशी. म्हणाला, चला कॉलेजसाहेब, तुमच्या मित्राची झुडपं गोठली. पहारीनं गड्ड्याखाली दणका दिला की चिनी मातीचं भांडं फुटावं तसा आवाज येतो आणि अख्खा गड्डा हलतो. दोघांनी मिळून गाडीवर लोटायचा, पोत्यात बांधायचा, घोडीला चुचकारायचं. घराला वळसा घालून उतारावर घोडी दोनदा बसली. वॉल्ट तिच्याशी असा बोलत होता जसं ती त्याची बायको आहे, आणि माझ्याशी असा जसा मी घोडी आहे.

दोन दिवस लागले. तुझी आजी खिडकीतून हलली नाही. जेवणही तिथेच घेतलं, मांडीवर थाळी. एकदा दुसरं डॉगवूड खड्ड्यात उतरवताना घंटेचे दोन ठोके आले. वॉल्ट म्हणाला, आता काय, खड्डा काय सरकवायचा? म्हणून झुडूपच खड्ड्यात थोडं फिरवलं, दाट बाजू तिच्याकडे. मग सलग घंटा.

आठवं झुडूप, विंटरबेरीचा नर, मात्र पश्चिमेलाच ठेवला. त्याला मणी धरत नाहीत, त्याच्यामुळे बाकीच्यांना धरतात, आणि घराच्या त्या बाजूला असला तरी मधमाशा त्याला शोधून काढतात. वॉल्ट त्याच्याकडे बघून म्हणाला, तुझा हा भाऊबंद राहू दे तिथेच, नुसता उभा. मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी.

आज सकाळी नऊला पूर्वेचं ऊन रानातून समोरून आलं. तिकडे मी बाजूच्या तिरप्या उन्हासाठी बाग मांडली होती. इथे ऊन झाडांच्या मागून येतं. बीचची वाळकी पानं मधाच्या रंगाची होतात, विंटरबेरीचा एकेक मणी आतून पेटतो. हे मला ठाऊकच नव्हतं. तिला एप्रिलपासून ठाऊक होतं.

ती म्हणाली, "डावीकडचं जरा जास्त डावीकडे आहे."

मी म्हणालो, पेंढा भरलेला खड्डा होता, जमीन गोठलीय, आता काही होणार नाही.

"ते मलाही कळतं," ती म्हणाली. "नुसतं सांगते."

संध्याकाळी चार वाजले तेव्हा पाय आपोआप जिन्याशी गेले. वर काय आहे आता? सात खड्डे आणि एक नर. स्वयंपाकघरात परत आलो. तिनं विचारलं नाही. आम्ही दोघं खिडकीबाहेर अंधार होताना बघत बसलो, पण ती तिच्या जागी आणि मी माझ्या. दोन माणसं एका खोलीत असली म्हणजे एकटेपणा अर्धा होतो असं नाही. प्रत्येकाचा वेगळाच असतो.

रेमी

*

१२ फेब्रुवारी

ऑड्री,

काल सकाळी पक्ष्यांचा थवा आला. शंभरेक असतील, करडे, डोक्यावर तुरा, शेपटीच्या टोकाला पिवळा पट्टा. विंटरबेरीवर तुटून पडले. मी फावडं घेऊन ओरडत बाहेर धावलो, नुसत्या मोज्यांवर. दोन दिवस रक्त आटवून हलवलेली झुडपं, आणि हे पंधरा मिनिटांत मोकळी करणार. मागून घंटा. वळून बघितलं तर ती खिडकीत हातानं खूण करत होती, आत ये, आत ये.

आत आलो तर हसत होती. इतकी की काठी खाली पडली. म्हणाली, "मूर्खा, पाहुणे हाकलतोस?" माझे पाय ओले, दात वाजताहेत, आणि ती मला एकेक पक्षी दाखवतेय. ते मणी एकमेकांच्या चोचीत देतात, माहीत होतं तुला? एकानं दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं परत. मी म्हणालो, झाडावर आता काही उरलं नाही. ती म्हणाली, "मला दोन आठवडे मिळाले. त्यांना एक सकाळ."

दुपारी टपाल आलं. तुझं कार्ड.

तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. चोवीस तारखेला, शुक्रवारी दुपारी येतेस, तीन दिवस, आवराआवरीला. आणि खाली एक ओळ: रेमीला सांग, पत्रं वाचली आहेत.

वाचली आहेत. मी सबंध दुपार ते दोन शब्द चावत बसलो. राग आहे की नाही? आवडली की फेकली? 'सांग' म्हटलंय, म्हणजे मी इथं आहे हे चालतंय की चालत नाही? वॉल्टला विचारलं. तो म्हणाला, "पोरगी येतेय आणि तू तिच्या खिडकीतली झाडं उपटून बसलायस. कॉलेजसाहेब, तुमचं टायमिंग."

हे पत्र तुला पोचेपर्यंत तू निघायच्या तयारीत असशील. तरी टाकतो. टपालात वेळेवर टाकतो.

रेमी

*

२३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑड्री,

हे टपालात टाकत नाही, उद्या तू येणारच आहेस. तुझ्या टेबलाशी बसून लिहितोय.

गेले दहा दिवस मी ठरवत होतो की तू आलीस की पायरीवर उभा असेन. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. न्हाव्याकडेही जाऊन आलो. काल रात्रीचं जेवण झाल्यावर तुझ्या आजीनं विचारलं, "शुक्रवारी तू असणार आहेस?"

मी म्हणालो, म्हणजे काय, असणारच.

ती म्हणाली, "तू असलास तर ती तुझ्याशी भांडेल. किंवा भांडणार नाही. दोन्हीत माझे तीन दिवस जातील."

माझा पारा चढला. मी म्हणालो, एवढं सगळं केलं, हाताची सालं काढली, आणि आता मी दारातसुद्धा उभा राहायचं नाही? ती म्हणाली, "केलंस ते कुणासाठी केलंस?" मी खुर्ची मागे ढकलली आणि बाहेर गेलो. कोठारात जाऊन अर्धा तास लाकडं फोडली. नको असलेलीसुद्धा.

परत आलो तेव्हा ती तशीच बसली होती. तिनं उत्तर मागितलं नाही. मी लाकडं चुलीशी रचली आणि म्हणालो, वॉल्टकडे मेपलच्या रसासाठी झाडांना बादल्या लावायचं काम निघालंय, तीन दिवस वर रानातल्या खोपीत राहावं लागेल. खरं म्हणजे काम निघालेलं नव्हतं, सकाळी जाऊन मी ते मागून घेतलं. ती म्हणाली, "मोजे जास्तीचे ने."

म्हणून मी नाही. रुसून नाही, तुला टाळण्यासाठी नाही. ते तीन दिवस तिचे आहेत. मला त्यातली एक संध्याकाळ जरी दिली असती तरी मी तिन्ही खाल्ले असते, हे तिला माझ्याआधी कळलं.

तुझ्या खिडकीतून बघशील तर खाली सात खड्डे दिसतील, बर्फानं अर्धे भरलेले. ते मीच केलेत, दोन्ही वेळा. बाग बघायची असेल तर खाली जा, सकाळी नऊला, आणि खुर्ची मागून घे. ती लगेच देणार नाही. विच हेझल काल उघडायला लागलंय. उजवीकडचं आधी. वास यायचा असेल तर जवळ जावं लागतं, म्हणून मी आज एक फांदी कापून तिच्या पेल्यात ठेवलीय. कापू दिली तिनं, तेही कुठली कापायची ते घंटेनं सांगून.

रविवारी तू गेल्यावर मी परत येईन आणि मार्चअखेरपर्यंत तिच्याजवळ राहीन. मग काय ते ठाऊक नाही. वॉल्ट म्हणतो कॉलेजात परत जा, नाहीतर मी तुला हाक कुठल्या नावानं मारू. बघू.

तुला वाटलं तर लिही. नाही वाटलं तरी मी आता दर रविवारी लिहिणार नाही. हे धमकी म्हणून लिहिलेलं नाही, ऑड्री. सवय मोडायची आहे.

वॉल्टची गाडी खाली वाजतेय. तुझी खोली हिवाळाभर गार होती, म्हणून तासाभरापूर्वी रेडिएटर उघडलाय. आत्ता कुठे काचेवरचं हिव सुटायला लागलंय. उद्या दुपारपर्यंत ऊब आतच राहायला हवी. पत्र टेबलावर ठेवतो, बाहेर पडतो, आणि दार नीट लावून घेतो.

रेमी